घरबसल्या फेरी

"घरीच आहे गं," बाबा म्हणाले, आणि 'घरीच' आणि 'आहे' यांच्या मधे त्यांचा आवाज तुटला. पुरता तुटला नाही. बोलता बोलता माणूस आवंढा गिळतो, तेवढाच. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. माझ्या आलं, कारण माझं पोटच त्या तुटीवर चालतं. फोनवर बोलणारा माणूस एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला, की पहिला टॉवर त्याला दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि त्या देण्याघेण्यात आवाजाचा एखादा कण सांडतो. तो कण होईल तितका लहान ठेवायचा, म्हणजे बोलणाऱ्याला कळायलाही नको, ही माझी नोकरी. इतकी वर्षं करते आहे की लग्नातल्या गप्पांतही मी बोलण्यापेक्षा त्यातल्या फटी ऐकत असते. तर घरात बसलेला माणूस असा कुणाच्या हवाली होत नाही. चालणारा होतो, गाडीत बसलेला होतो. शहर बंद होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, बाबांची गल्ली दोन्ही तोंडांना अडथळे लावून बंद केलेली होती, बाबांचं वय सत्तरीपलीकडचं, छातीत जुनी धाप, आणि ते मला सांगत होते की घरीच आहे.

"बाबा, खरं सांगा. कुठे आहात?"

"कुठे असणार? खुर्चीत."

"तुम्ही चालताय."

"खुर्चीत बसून?"

"मला नका शिकवू. आत्ता बोलता बोलता तुम्ही एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर गेलात."

"टॉवरवर? या गुडघ्यांनी?"

एरवी मी हसले असते. पण त्या दिवसांत हसू कुठे तरी वर फडताळात ठेवून दिल्यासारखं झालं होतं, हात पोचेना. मी म्हणाले, "खोटं बोलू नका माझ्याशी. तुम्हाला काही झालं ना, तर मला बघायलासुद्धा सोडणार नाहीत, कळतंय का? लांबून काचेतूनही नाही." ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

त्यांचं ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखते. आई बोल बोल बोलायची आणि हे पायात चपला सरकवत 'बरं' म्हणायचे. त्याचा अर्थ 'तुझं बरोबर आहे' असा कधीच नव्हता, 'आता मी यावर बोलणार नाही' असा होता. मग आई दिवसभर भांड्यांवर राग काढायची. मी मास्तरवर काढला. मास्तर म्हणजे माझा नवरा. तो ओट्याला पाठ लावून, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून शाळेतल्या मुलांना गणित शिकवत असायचा; मुलं म्हणजे काळे चौकोन, प्रत्येक चौकोनात एकेक नाव. सकाळपासून "दिसतंय का? ऐकू येतंय का?" एवढं एकच वाक्य तो म्हणत असतो असं मला वाटायचं, आणि आतल्या खोलीत पलंगाच्या काठावर बसून पाठीला आग लागेपर्यंत काम करताना मला रोज एकदा तरी ओरडून सांगावंसं वाटायचं की नाही, काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. त्या दिवशी ओरडले. त्याने माइक बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, असतील गेले भाजी आणायला." मी म्हटलं, भाजी त्यांना खालच्या शिंपीणबाई देतात, ते टोपली सोडतात नि दोरीने वर ओढतात, त्यांना बाहेर पडायचं कारणच काय? "कारण लागतं का माणसाला?" मास्तर म्हणाला आणि परत माइक चालू करून त्रिकोणाकडे वळला.

खरं तर थकले होते मी, बाबांवर चिडले वगैरे काही नव्हते. सगळं शहर घरात जाऊन बसलं होतं आणि त्याचं ओझं माझ्या पडद्यावर येऊन पडलं होतं. एरवी आमचा नकाशा सकाळी कचेऱ्यांच्या भागात लाल व्हायचा आणि संध्याकाळी तो लाल रंग रस्त्यारस्त्याने सरकत घराघरांत झिरपायचा. एवढी वर्षं मी ते रोज पाहत आले, आणि मला कधी त्यात विशेष वाटलं नव्हतं. आता कचेऱ्यांचा भाग पांढराफटक पडला होता आणि राहत्या वस्त्या सकाळपासून लाल, जागच्या जागी. सरकणं नाहीच. नि बोलणं तर विचारू नका. पूर्वी "पोचलो" एवढं सांगायला फोन करणारे लोक, आता कुठेच पोचायचं नाही म्हणून तासन्‌तास बोलत होते. वस्त्यांमधले टॉवर मेटाकुटीला आले. मग आम्ही काय करायचं, तर जे टॉवर ओस जागी रिकामे उभे होते, कचेऱ्यांवरचे, मैदानावरचा, बस डेपोच्या छपरावरचा, त्यांना वस्त्यांकडे बघायला लावायचं. त्यांचा अँटेना बसल्या जागेवरून, एक बटण दाबून, थोडा वर उचलता येतो. आम्ही आपसात त्याला 'मान वर करणं' म्हणतो. मान खाली घातलेला टॉवर पायापुरतं बघतो, मान वर केली की त्याचा पल्ला लांबतो. त्या दिवसांत मी कितीकांच्या माना वर केल्या, आठवतही नाही. करायच्या, दुसऱ्या दिवशी आकडे बघायचे, बरं झालं म्हणायचं, पुढच्याला लागायचं. साहेब फोनवर शाबासकी द्यायचे. मी "थँक यू सर" म्हणायचे आणि खाली ठेवलेला चहा थंडगार झालेला असायचा.

बाबांनी आयुष्यभर शहराची बस चालवली. एकच मार्ग. आमच्या वस्तीतून निघायचं, शाळा, दवाखाना, पुलाचा चढ, बाग आणि डेपो. मग तेच उलटं. त्याला ते फेरी म्हणायचे, सगळेच म्हणतात. "आज फेऱ्या जास्त झाल्या," "शेवटच्या फेरीला पाऊस लागला." आई त्यांच्या फेऱ्यांवर स्वयंपाक करायची. तेव्हा कुठले आलेत फोन! ती घड्याळाकडे बघायची आणि हवेत सांगितल्यासारखं सांगायची, आता दवाखान्याशी असतील, आता पूल चढत असतील. बाग आली असेल म्हटलं की चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत जिन्यात पाय वाजायचे. मला वाटायचं आईला दिसतं. सुट्टीच्या दिवशी बाबा मला शेवटच्या फेरीला घेऊन जायचे, मी कंडक्टरकाकांच्या शेजारी बसायची, आणि बस रिकामी असली की ते मला घंटीची दोरी ओढू द्यायचे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी दोनदा ओढायची आणि एवढी मोठी गाडी माझ्या सांगण्यावरून हलायची! निवृत्त झाल्यावरही बाबांचा पाय निवृत्त झाला नाही. मास्तर गाडी चालवताना ते शेजारी बसले की समोर कुणी आडवं आलं रे आलं, बाबांचा उजवा पाय धाडकन खाली दाबला जायचा. टीव्हीवर पाठलाग चालू असला तरी तसंच. आई हयात असताना म्हणायची, झोपेतसुद्धा ब्रेक मारतात, माझ्या पोटऱ्यांना विचारा.

'बरं' म्हटल्यावर काही दिवस त्यांचा फोन आला नाही. मी केला तर उचलायचे, औषध घेतलं का तर घेतलं, धाप लागते का तर नाही, शिंपीणबाई कशा आहेत तर बऱ्या आहेत. सरकारी कचेरीतल्या खिडकीवर मिळतात तशी उत्तरं. माझ्या जिवाला लागून राहिलं होतं. मीच चुकीचं बोलले का, असं मनात यायचं आणि बोलता बोलता मधेच तो आवंढा ऐकू यायचा, की परत पारा चढायचा. हवाली झाले! पुन्हा बाहेर! आणि तोंडाने म्हणताहेत, खुर्चीत आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा बाबांचा स्वभाव नव्हता, म्हणून तर मला ते जास्त लागत होतं. मग एका दुपारी त्यांचा आपण होऊन फोन आला. आवाज कसा, तर स्वच्छ, उन्हात वाळवल्यासारखा.

"काय गं ठकू," ते म्हणाले. ठकू मला घरात फक्त तेच म्हणतात. "जेवलीस का? मी आत्ताच एक फेरी मारून आलो."

म्हणजे कबूलच!

"फेरी? कुठे?"

"कुठे म्हणजे, नेहमीचीच. डेपोपर्यंत."

"डेपोपर्यंत? बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? किती लांब आहे ते! अडवलं नाही कुणी?"

"कोण अडवणार? रस्ता मोकळा. असा रस्ता जन्मात मिळाला नाही बघ मला. फक्त पुलाच्या चढावर जरा दमछाक झाली."

दमछाक हा शब्द ऐकून मी पलंगावरून उठून उभी राहिले. बसले. परत उठले. त्यांना म्हणाले, हात जोडते, पाया पडते, पण आजच्यानंतर दाराबाहेर पाऊल टाकू नका. ते हसले. आईला जे कधी ऐकू आलं नसेल असं काही तरी मोकळं हसले आणि म्हणाले, "तुझं यंत्रच म्हणतं ना, मी बाहेर असतो म्हणून?" आणि मग त्यांनी रोजच ते लावलं. आज फेरी चांगली झाली. आज दवाखान्यापाशी दोन नर्सबाई चढल्या, बिचाऱ्या उभ्या उभ्या पेंगत होत्या. आज शाळेपाशी शुकशुकाट, मनाला कसंसंच झालं. मी रागावले, रडले, गप्प राहिले, मास्तरला फोन दिला. मास्तर म्हणाला, "बाबा, मास्क तरी लावता ना?" ते म्हणाले, "घरात कशाला?" आणि मास्तरने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी त्या उत्तरावर क्षणभरही थांबले नाही. ते उडवाउडवी करताहेत एवढंच मला दिसलं. माझं कान देणं फक्त फटींसाठी होतं, मधल्या शब्दांसाठी कधीच नव्हतं.

मग एके दिवशी ते म्हणाले, "बागेशी फुगेवाला उभा होता. हात केला त्याने मला." बागेचा फुगेवाला मी कॉलेजात असताना गेला. त्याच्या जागी पुढे रसाची गाडी आली, मग तीही गेली. बाबा स्वतः त्याच्या मयताला गेले होते, आल्यावर अंघोळ करून बराच वेळ खिडकीत बसले होते. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा ती भीती वाटली जी त्या साथीच्या भीतीहून वेगळी होती. साथीला निदान नाव होतं, बातम्यांत रोज तिचा आकडा यायचा. ही घरातली भीती. बाबा बाहेर पडताहेत, इथवर ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतंच, पण समजत होतं. पण बाहेर पडून ते कुठल्या सालात चालताहेत? आणि तिथून कुणी त्यांना परत आणायचं? घरून निघालेला म्हातारा माणूस कुठल्या कोपऱ्यावर उभा राहून विसरला की आपलं घर कोणतं, तर आज त्याला वाट दाखवायला रस्त्यावर माणूसच नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पास मिळत नाही, रस्ते गाड्यांना बंद. त्या संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले आणि भात करपला. मास्तरने तो मुकाट्याने वरवरचा काढून खाल्ला.

"तुला बघता येतं ना?" जेवता जेवता तो म्हणाला. "तुमच्यात दिसतं ना, कुणाचा फोन कुठे आहे ते. बघून टाक एकदाचं."

दिसतं. पण एकट्या माणसाचा माग काढायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. ठिपके मोजायचे, ठिपका कुणाचा ते विचारायचं नाही. असं करणाऱ्या एकाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे, बायकोचा नंबर शोधत होता तो. दुसऱ्या दिवशी मी पडदा उघडला आणि रिकाम्या चौकटीत बाबांचा नंबर टाकला. मला तोंडपाठ असलेला तेवढा एकच नंबर, बाकी सगळे फोनला पाठ आहेत. शेवटचा आकडा टाकून मी बोट उचललं. मनात आलं, आई घड्याळाकडे बघून सांगायची, तिने कधी दारात जाऊन बघितलं नाही. आणि मी बापाच्या मागे माणूस लावायला निघाले आहे, तोही गुपचूप, त्याच्याच फोनमधून. नोकरीचं भय होतंच, खोटं कशाला बोलू. दोन्ही मिळून मी तो नंबर एकेक आकडा करत पुसला, आणि मग नुसतीच त्या चौकटीत लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसले, पाठीत कळ येईपर्यंत.

त्याच दुपारी साहेबांचा फोन आला. आमच्या ठिपक्यांचा एक नकाशा रोज प्रशासनाला जायचा, शहर किती घरी बसलं, किती हललं ते कळावं म्हणून. तो मीच बनवायची. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, डेपोच्या भागात ही गर्दी कसली? सगळं शहर खाली आणि तुमचा डेपो भरतोय. वरून विचारणा झालीय. म्हणतात, लोक तिथून गावी पळायच्या तयारीत असणार. गस्तीची गाडी पाठवताहेत संध्याकाळी." बाबा तिथेच तर जात होते. म्हणजे एकटे नव्हते, गर्दीत होते! आणि आता गाडी जाणार, काठ्या घेऊन माणसं उतरणार, आणि त्या माणसांना काय माहीत की हा म्हातारा फुगेवाल्याला हात करायला आला आहे. मी साहेबांना म्हटलं, मला थोडा वेळ द्या, बघते. आणि गेल्या काही दिवसांचा डेपोचा नकाशा काढून बसले.

गर्दी होती. शेकड्यांनी ठिपके. पण ती आली कुठून? माणूस वस्तीतून डेपोला जायचा म्हणजे वाटेत शाळा लागते, दवाखाना लागतो, पूल लागतो, बाग लागते, प्रत्येक ठिकाणी आमचा टॉवर उभा आहे. शाळेच्या टॉवरला ती माणसं दिसली नव्हती. दवाखान्याच्या नाही. पुलावर तर काळं कुत्रं नव्हतं. वस्तीतले ठिपके वस्तीत गायब होत होते आणि थेट डेपोत उगवत होते, मधला रस्ता न चालता. आणि थोड्या वेळाने तसेच परत. मी वेड्यासारखी बघत राहिले. मग मला आठवलं. डेपो वस्तीपासून रस्त्याने लांब, पण तो उंचवट्यावर आहे, मधे पुलाखालची मोकळी नदी, आडवं काहीच नाही. त्याची मान मी वर केली होती. बसल्या जागी, चहा थंड होत असताना. त्याला वस्ती दिसायला लागली आणि वस्तीतला टॉवर भरला की तो आपली माणसं डेपोच्या हवाली करायचा. माणसं पलंगावर, ओट्याशी, खुर्चीत. आमच्या लेखी डेपोत. कुणी हललंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती तूट, तो आवंढा, ज्याच्यावरून मी बाबांना खोटं ठरवलं, तो त्यांच्या पायांचा नव्हताच. माझ्या बोटाचा होता.

पण मग फेरी? ते तर स्वतःच्या तोंडाने सांगत होते. मी शिंपीणबाईंना फोन लावला. त्या बाबांच्या बरोब्बर खाली राहतात, मशीन खिडकीशी, दारातून कोण गेलं आलं ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"छे गं बाई," त्या म्हणाल्या. "बाहेर कुठले? दाराची कडी महिन्यात वाजली नाही त्यांच्या. टोपलीसुद्धा खिडकीतूनच." मग जरा थांबून म्हणाल्या, "तूच विचारलंस म्हणून सांगते. दुपारचं वर काय करतात कोण जाणे, पाय आपटतात. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग परत धप्प. मला वाटलं व्यायाम करत असतील, या वयात चांगलंच ते. म्हणून बोलले नाही. रागावू नकोस हं त्यांना."

मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. मास्तर आत डोकावला, काय झालं म्हणून, आणि मला रडताना बघून घाबरला. मी त्याला हाताने जा म्हटलं, तरी तो गेला नाही, दारातच उभा राहिला. नर्सबाई चढल्या म्हणाले होते ते. चढल्या! चालणाऱ्या माणसाजवळ कुणी चढत नाही, बसमधे चढतं. पुलाच्या चढावर दमछाक झाली ती त्यांच्या जुन्या गाडीची, जिला ते म्हातारी म्हणायचे. फुगेवाला बाबा गाडी चालवायचे त्या सालातला, आणि ते साल गेलं हे बाबांना पक्कं ठाऊक. सगळे शब्द सरळ होते. त्यांनी एकही खोटं सांगितलं नव्हतं, घरात मास्क कशाला, तेसुद्धा नाही. मीच फेरी म्हटल्यावर चालणं ऐकलं, बसवाल्याची मुलगी असून.

साहेबांना फोन करून सांगितलं. "सर, लोक हलले नाहीत. टॉवर हललाय."

"म्हणजे आपण हलवला."

"मी हलवला."

साहेबांनी दमलेला उसासा सोडला. "गस्त मी थांबवतो. तुम्ही ती मान खाली करा, संध्याकाळच्या आत. वस्तीचा भार दुसरीकडून काढू. आणि मॅडम, जेवून घ्या काही तरी, आवाज कसा झालाय तुमचा."

बटण दाबायचा अवकाश होता. सगळं भरून तयार ठेवलं, नुसतं 'हो' म्हणायचं बाकी. आणि मी बाबांना फोन लावला. उचलायला वेळ लावला त्यांनी. तेवढ्या घंट्यांत मी काय काय बोलायचं ते ठरवलं, चुकले म्हणायचं, टॉवरचं समजावून सांगायचं, रडायचं नाही. त्यांनी हॅलो म्हटलं नि मागून, अगदी बारीक, धप्प असा आवाज आला. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"बाबा, कुठवर आलात?"

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, जरा शिट्टी वाजणारा, नेहमीचाच.

"ठकू," ते हळूच म्हणाले, "ठकलीस ना माझ्याकडून?"

"ठकले."

"रागावलीस?"

"नाही."

"तू म्हणालीस, मी बाहेर आहे. मी म्हटलं, मी तर इथे बसलोय भिंतीकडे बघत. पण तू एवढी शिकलेली, तुझं यंत्र सांगतंय, तर असेन बाबा मी बाहेर. मग म्हटलं, असेनच बाहेर, तर गाडी घेऊन तरी जाऊ." ते थोडं हसले, खोकले. "फार सडायला झालं होतं गं. तुझी आई गेल्यावरसुद्धा इतकं झालं नव्हतं. तेव्हा खाली उतरता तरी येत होतं."

मास्तर अजून दारात उभा होता. मी डोळे पुसले आणि विचारलं, "जागा आहे का गाडीत?"

"आहे की. गाडी रिकामीच. पण उभी राहायची नाहीस, बस मागे. पूल चढतोय."

मी पलंगाच्या काठावर नीट बसले, पाय जुळवून. पुलावर वारा होता म्हणाले. खाली नदीत पाणी कमी. उजव्या हाताला चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत. म्हातारी कुरकुर करतेय, पण चढेल. मी हं म्हणत होते. माझ्या समोरच्या पडद्यावर शहर होतं, जागच्या जागी लाल, आणि ते बटण. बाग आली, म्हणाले. मी न ठरवता म्हणाले, चहाचं आधण ठेवते. ते "ठेव," म्हणाले, आणि मी दोनदा पलंगाच्या लाकडावर बोटाने वाजवलं, टक टक. धप्प असा पाय उचलल्याचा, दाबल्याचा, काहीतरी आवाज आला, आणि त्यानंतर ती तूट आली. आवंढ्याएवढी. वस्तीतल्या टॉवरने माझ्या बाबांना डेपोच्या हवाली केलं.

"लागली गं गाडी," ते म्हणाले. दमले होते. "डेपो आला."

"बाबा," मी म्हणाले, "आता घरी या."

आणि बटण दाबलं. तिकडे नदीपलीकडे छपरावर त्या टॉवरने मान खाली घालायला सुरुवात केली असेल. मला इथून काही दिसत नाही, कधीच दिसलं नव्हतं. मी फोन कानाशी घट्ट धरला. आधी त्यांचा श्वास होता, शिट्टीसारखा, मग तोही गेला. तूट. आजवर मी ती लहानच करत आले होते, ती आज मला इतकी मोठी वाटली की मी मास्तरकडे हात पुढे केला.

"आलो," बाबा म्हणाले.